कै. विष्णुपंत पागनीस

थोर पुरुष म्हटले की राजे, सेनापती, शास्त्रज्ञ, समाजसुधारक आणि संत ह्यांचीच नावे आपणांस प्रथम आठवतात, आणि ते योग्यच आहे. बोलपटांत काम करणाऱ्या नटाचे चरित्र शाळेच्या वार्षिकात सहसा येत नाही. परंतु ह्या लेखासाठी जो पुरुष निवडला आहे त्याने आपल्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली, ती म्हणजे एका संताची भूमिका. आणि ती अशा रीतीने केली की आज जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही तुकाराम महाराजांचे नाव घेताच महाराष्ट्रातील कित्येकांच्या डोळ्यांपुढे त्याचाच चेहरा उभा राहतो. त्या नटाचे नाव विष्णुपंत पागनीस.

त्यांचे चरित्र आजच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास आणखीही एक कारण आहे. आपल्या खारघरात सायंकाळी कोणत्याही बागेत किंवा सोसायटीच्या आवारात गेले असता, मोबाइल समोर धरून त्यापुढे बोलणारी, गाणारी, अभिनय करणारी मुले हटकून दिसतात. पूर्वी अभिनयाचा प्रसंग वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनात यावयाचा. आता तो रोजचाच झाला आहे. जो मुलगा आईशी भांडताना किंवा मित्राची थट्टा करताना इतका सहज, इतका जिवंत दिसतो, तोच कॅमेऱ्यापुढे उभा राहताच एकाएकी लाकडासारखा ताठ होतो, नाही तर नको इतके हात हालवू लागतो. हे असे का होते? आणि जे पडद्यावर खरे वाटतात त्यांना ते कसे साधते? हा प्रश्न नव्या काळाचा वाटतो, परंतु महाराष्ट्रात बोलपट सुरू झाले त्याच वेळी तो उपस्थित झाला होता, आणि पागनिसांना तो आपल्या वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी सोडवावा लागला.

पागनिसांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ रोजी बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी येथे झाला. हा सगळा सीमेचा मुलूख. तेथे कानडी आणि मराठी ह्या दोन्ही भाषा शेजारणींप्रमाणे नांदत आल्या आहेत, आणि दोन्हींकडच्या गाण्याचा संस्कार लहानपणापासूनच कानांवर होतो. विष्णूचा गळा गोड होता. त्या काळी ज्या मुलाचा गळा गोड व रूप नाजूक, त्यावर नाटकमंडळ्यांची दृष्टी लवकरच पडत असे. पागनीसही लहान वयातच नाटकाच्या धंद्यात शिरले आणि स्वदेशहितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिका करून नावारूपास आले.

ती रंगभूमी कशी होती हे आजच्या वाचकांस थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढील गोष्टीचे मर्म कळणार नाही. त्या काळच्या नाटकगृहांत ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेत बसलेल्या चार आण्यांच्या प्रेक्षकास प्रत्येक शब्द ऐकू गेला पाहिजे, प्रत्येक हावभाव दिसला पाहिजे, हा पहिला नियम होता. म्हणून बोलणे उंच स्वरात, हातवारे मोठे, दुःखही मोठे आणि आनंदही मोठा. नाटक ऐन रंगात आले असता नायिका एकदम पदाला सुरुवात करी, ते पद आवडले की प्रेक्षक वन्स मोअरचा गजर करीत, आणि मग तेच दुःख, त्याच तानांसह, पहिल्यापासून पुन्हा व्यक्त होई. ह्यात कोणासही काही वावगे वाटत नसे. प्रेक्षक तेथे खरे आयुष्य पाहावयास येतच नव्हते. ते एक सुंदर, नटवलेली, सजवलेली वस्तू पाहावयास येत होते, आणि ती त्यांना पुरेपूर मिळत होती.

त्यातून पुरुषाने स्त्रीचे काम करावयाचे म्हणजे तर सर्वच अवघड. चालण्याची ढब, पदर सावरणे, मान वेळावणे, लाजणे, रुसणे, ह्यांतील एकही गोष्ट आपोआप होत नाही. प्रत्येक शिकावी लागते आणि घोटावी लागते. असा नट आपल्या शरीराकडे सतत बाहेरून पाहत असतो. आपण ह्या क्षणी कसे दिसत आहोत, हा विचार त्याच्या मनातून क्षणभरही जात नाही. ज्या मुलाचे सारे कोवळे वय ह्या शिक्षणात गेले, त्याच्या हाडांमासांत ते किती खोल शिरले असेल ह्याची कल्पना करावी. पागनिसांच्या अंगी ते शिरले होते. त्यांच्या हालचालींतील मार्दव पुढे आयुष्यभर गेले नाही.

पुढे रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांचा काळ मागे पडला आणि पागनीस मुंबईत संगीत शिकवू लागले. भजनगायक म्हणून त्यांची कीर्ती झाली. १९२८ च्या सुमारास त्यांनी वंदे मातरम् हे गीत सारंग रागात गाऊन त्याची ध्वनिमुद्रिका दिली. परकीय अंमलात हे धाडसाचेच काम होते, आणि ती ध्वनिमुद्रिका रसिक आजही शोधून ऐकतात. एरवी ह्या वर्षांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. शिकवण्या, भजने, प्रपंच. तथापि माझ्या मते ह्याच शांत वर्षांनी त्यांना पुढील कार्यासाठी तयार केले. भजन गाणारा मनुष्य रंगमंचावरील नटासारखा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा नसतो. तो डोळे मिटतो, किंवा समोरच्या मूर्तीकडे पाहतो. लोक ऐकत असतात, पण तो लोकांस उद्देशून गात नसतो. पागनीस एवढी वर्षे ते करीत आले होते, आणि त्याला अभिनय म्हणावयाचे हे त्यांच्याही मनात आले नसेल.

आता प्रभात फिल्म कंपनीकडे वळू. ही संस्था १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली, तिने १९३२ साली अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट काढला, आणि १९३३ साली ती पुण्यास आली. तिच्या भागीदारांत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल ही एक विलक्षण जोडी होती. दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीत वाढलेले. दामल्यांचा हात ध्वनिमुद्रण आणि यंत्रे ह्यांवर, तर फत्तेलालांचा चित्रकला आणि नेपथ्य ह्यांवर. दोघेही अबोल, कामात गढून जाणारे. एक हिंदू आणि एक मुसलमान अशा ह्या जिवलग मित्रांनी मिळून वारकऱ्यांच्या लाडक्या संतावर बोलपट काढावा, आणि तो ह्या विषयावरील सर्वांत सरस ठरावा, ही गोष्ट मुद्दाम ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

त्याआधी एक वर्ष प्रभातने संतचरित्राचा एक प्रयोग करून पाहिला होता. १९३५ साली धर्मात्मा ह्या बोलपटात प्रत्यक्ष बालगंधर्वांनी संत एकनाथांचे काम केले. बालगंधर्वांहून मोठा नट त्या काळी महाराष्ट्रात कोण होता? त्यांच्या एका पदासाठी लोक रात्र रात्र जागत. परंतु पडद्यावर ती जादू उतरली नाही, आणि प्रभातशी त्यांची भागीदारी एका चित्रानंतरच संपुष्टात आली. ह्यात बालगंधर्वांचा अधिक्षेप करण्याचा मुळीच हेतू नाही. मोठ्या नाटकगृहासाठी घडवलेली कला एका लहानशा भिंगापुढे आणली तर काय होते, एवढेच त्यावरून दिसून येते. ज्या नजरेने शेवटची रांग मोहून जाई, ती नजर कॅमेऱ्याला हातभर अंतरावरून दिसली की जड वाटते. डोळ्यांची पापणी लवली तरी पडद्यावर ती मोठी घटना असते, तेथे हात उंचावण्याची आवश्यकता ती काय?

तेव्हा १९३६ साली संत तुकाराम ह्या चित्रासाठी पागनिसांची निवड झाली त्या वेळी अनेकांनी नाके मुरडली ह्यात नवल नाही. पुन्हा एक गायक नट, पुन्हा एक स्त्रीभूमिका करणारा! तुकोबा म्हणजे काही नाजूक नायिका नव्हेत. ते देहूचे कुणबी, वाणीचा व्यापार केलेले, दुष्काळात होरपळलेले, प्रसंगी खडसावून बोलणारे पुरुष. त्यांच्या ठिकाणी हे मृदू, हळुवार गृहस्थ कसे शोभावेत? आक्षेप खरोखरच वजनदार होता. परंतु दामले आणि फत्तेलाल आपल्या मतापासून ढळले नाहीत.

निवड झाल्यावर पागनीस देहूस जाऊन तुकोबांच्या चरणी लीन होऊन आले. आपल्या खारघराहून देहू फार दूर नाही. पनवेल मागे टाकून, खोपोलीवरून बोरघाट चढून, लोणावळे आणि तळेगाव ओलांडले की पुण्याच्या अलीकडेच इंद्रायणीच्या काठी ते गाव लागते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे पुण्यास जातायेता त्या फाट्यावरून गेली असतील. तेथील नदी, तेथील भंडाऱ्याचा डोंगर, तेथील देऊळ ही सर्व स्थळे पागनिसांनी पाहिली. एखादा नट अशा ठिकाणी जाऊन तेथील लोक कसे चालतात, पागोटे कसे बांधतात हे टिपून आणील, आणि त्याचा उपयोगही होईल. पागनिसांची यात्रा त्या जातीची नव्हती. ते नमस्कार करावयास गेले होते. पुढे चित्र पाहिले की ह्या दोन गोष्टींतील भेद कळतो, कारण त्यांच्या भूमिकेत निरीक्षण करून उचललेली लकब जवळजवळ सापडत नाही. आधीपासून अंगी असलेली भक्ती मात्र पदोपदी सापडते.

शिवराम वाशीकरांनी लिहिलेल्या ह्या चित्राचा आरंभच आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. तुकोबा एका बाजूस साधेपणाने अभंग गात आहेत. चेहऱ्यावर कसलाही आविर्भाव नाही, हात जवळजवळ स्थिर, आणि मन पूर्णपणे गाण्यात बुडालेले. मग दिसतो देवळातील कीर्तनकार सालोमालो. त्याने तोच अभंग चोरला आहे, त्यात आपले नाव घातले आहे, आणि तो मोठ्या थाटाने, मुरके मारीत, हावभाव करीत, श्रोत्यांवर नजर ठेवून तो गात आहे. शब्द तेच, देव तोच. पण एक गाणारा ज्याला गातो आहे त्याच्याकडे पाहतो, आणि दुसरा आपल्याकडे कोण पाहते आहे ते पाहतो. खरा अभिनय आणि खोटा अभिनय ह्यांचा इतका उघड सामना क्वचितच कोठे दाखविला गेला असेल. येथे एक गंमत सांगितलीच पाहिजे. सालोमालोचे काम भागवत ह्या नटाने केले आहे, आणि ते फारच उत्कृष्ट झाले आहे. खोट्या मनुष्याचे सोंग खरे वठविण्यासाठी भागवतांसही तेवढीच सचोटी लागली असणार. नाही तर सालोमालो हे एक बुजगावणे झाले असते. मोठा झगमगाट आणि लहान मन ह्यांची जोडी त्यांनी अशी जमविली आहे की त्याच्यावर राग येतो आणि हसूही येते.

आणि हा सालोमालो दुसरा कोण? ज्या रंगभूमीवर पागनीस वाढले तिचीच ती एक बिघडलेली छाया. मुरके, ताना, नजरेचे खेळ हे सगळे पागनिसांनाही येत होते, कदाचित भागवतांहून अधिक चांगले येत होते. चित्रात त्यांनी ते एकदाही बाहेर काढले नाही. मनुष्याने आयुष्यभर कमावलेली विद्या खिशात ठेवून रिकाम्या हाताने उभे राहावे, ह्यास मोठे धैर्य लागते.

परंतु सहजपणा म्हणजे नुसते काहीच न करणे अशी जर कोणाची समजूत होईल तर ती चुकीची ठरेल. कॅमेऱ्यापुढे काहीच न करणारा मनुष्य केवळ रिकामा दिसतो. पागनीस रिकामे दिसत नाहीत, कारण त्यांचे लक्ष सतत कशावर तरी लागलेले असते. कधी विठ्ठलावर, कधी मुलांवर, आणि सर्वांत अधिक, बायकोवर. होय, बायकोवर. ह्या चित्रातील खरा आनंद तुकोबा आणि जिजाई ह्यांच्या प्रसंगांत आहे, आणि त्याचे अर्धे श्रेय जिजाईचे काम करणाऱ्या गौरीबाईंस दिले पाहिजे.

गौरीबाई कोणी नावाजलेल्या नटी नव्हत्या. प्रभात कंपनीत त्या प्रथम झाडलोट करण्याच्या कामावर होत्या. पुढे गर्दीच्या प्रसंगांत उभ्या राहू लागल्या, आणि तेथून त्यांना ही भूमिका मिळाली. नाट्यशिक्षण त्यांनी कोठेही घेतलेले नव्हते. परंतु घर चालविणाऱ्या, दारिद्र्याशी रोज दोन हात करणाऱ्या, जिभेने तिखट आणि पोटात माया असणाऱ्या बाईचे बोलणे, चालणे, कमरेवर हात ठेवून उभे राहणे त्यांना कोणी शिकविण्याची गरजच नव्हती. मुलगा आजारी पडला असता ही जिजाई देवळात जाऊन प्रत्यक्ष विठोबावर पायांतील वहाण उगारते. हा प्रसंग दुसऱ्या कोणी केला असता तर तो एक तर हास्यास्पद झाला असता, नाही तर पाखंडी वाटला असता. गौरीबाईंच्या मुखावर आईचा संताप इतका सच्चा आहे की भाविक प्रेक्षकांसही त्याचा राग आला नाही. देवाशी इतके हक्काने भांडणारीची भक्तीही काही कमी नसावी, असेच उलट मनात येते.

आता विचार करा. एका बाजूस तीन तपे गाण्याबजावण्यात मुरलेला नट, दुसऱ्या बाजूस झाडलोट करता करता कॅमेऱ्यापुढे आलेली बाई. अशा दोघांचे जमावे कसे? शिकलेला नट अशा वेळी बहुधा आपली शहाणीव दाखवितो, समोरच्या पात्राचे बोलणे संपण्याची वाट पाहतो आणि आपले वाक्य टाकतो. शाळेच्या नाटकांत हे आपण नेहमीच पाहतो: एक मुलगा बोलत असता दुसरा मनातल्या मनात आपले पुढचे वाक्य घोकीत उभा असतो, आणि त्याचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे होतात. पागनीस तसे करीत नाहीत. जिजाई बोलते तेव्हा ते ऐकतात. तिच्या शिव्याशापांच्या भडिमारात त्यांच्या चेहऱ्यावर कधी अपराधीपणा, कधी थोडे हसू, कधी तिच्या कष्टांची खरीखुरी कणव उमटते, आणि हे सर्व ती जे जे म्हणते त्याच्या अनुरोधाने उमटते, आधी ठरवून नव्हे. ज्याला नैसर्गिक प्रतिक्रिया म्हणतात ती हीच. ती स्वतःमधून ओढून काढावयाची वस्तू नाही. समोरचा ती आपणांस देतो, आपण फक्त घेण्यास मोकळे असावे लागते. गौरीबाईंजवळ देण्यासारखे विपुल होते, आणि पागनिसांनी ते नाकारले नाही. त्यांच्या ज्या मार्दवाविषयी आक्षेप होता तेच येथे कामास आले. ह्या कडाडणाऱ्या जिजाईपुढे एखादा भारदस्त, करारी तुकोबा उभा केला असता तर घरात नुसते भांडण झाले असते. पागनिसांच्या हळुवारपणामुळे तेथे संसार झाला.

युरोपातही ह्याच सुमारास असा एक प्रकार घडला होता. डेन्मार्कचे दिग्दर्शक ड्रायर ह्यांनी १९२८ साली फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्क ह्या साध्वीवर एक मूकपट काढला. त्यात जोनचे काम करणारी फाल्कोनेती ही रंगभूमीवरची नटी होती. ड्रायर ह्यांनी तिच्या मुखावर रंग लावू दिला नाही, आणि कॅमेरा तिच्या इतका जवळ नेला की तिला आपली रंगभूमीवरची शस्त्रे उपसण्यास जागाच उरली नाही. उरला तो एक भ्यालेला, श्रद्धाळू मानवी चेहरा. त्या नटीचे नाव आज ह्या एका भूमिकेमुळेच जगास माहीत आहे. पुणे आणि पॅरिस ह्यांचा काही संबंध नव्हता. परंतु पडद्यास काय हवे असते हे दोन्ही ठिकाणी सारखेच प्रत्ययास आले.

संत तुकाराम हे चित्र १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत सेंट्रल चित्रपटगृहात लागले आणि तेथे सतत ५७ आठवडे चालले. खेड्यापाड्यांतून लोक गाड्या जुंपून ते पाहावयास येत. तुकोबांचे दर्शन घेण्यास जसे जावे तसे ते येत, आणि पडद्यापुढे हात जोडीत. केशवराव भोळे ह्यांनी चाली इतक्या साध्या आणि प्रासादिक दिल्या होत्या, की शांताराम आठवले ह्यांनी ह्या चित्रासाठी नव्याने रचलेला एक अभंग पुष्कळांना तुकोबांच्या गाथेतलाच वाटला, आणि अद्यापही वाटतो. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रमहोत्सवात जगातील तीन उत्तम चित्रांत ह्याची गणना झाली. मराठी भाषेचे एक अक्षरही न जाणणाऱ्या परीक्षकांना त्यात काय दिसले असेल? अभंगांचा अर्थ तर त्यांना कळला नसेल. घरातील माणसांचे एकमेकांकडे पाहणे मात्र कळले असणार.

येथवरची कथा यशाची झाली. परंतु चरित्र सांगावयाचे तर ह्यापुढील भागही सांगितला पाहिजे, आणि तो मला अधिक विचारात टाकतो.

चित्र लोकप्रिय झाल्यावर पागनीस हे पागनीस राहिले नाहीत. लोक त्यांना तुकोबाच समजू लागले. त्यांच्या पायांवर डोके ठेवू लागले. ते तुकोबांच्या वेषात भजने गाऊ लागले आणि श्रोते भक्तिभावाने ती ऐकू लागले. पुढे त्यांना जी कामे मिळाली तीही बहुतेक ह्याच साच्यातील. १९३९ साली संत तुलसीदास, १९४० साली नरसी भगत, १९४३ साली महात्मा विदुर. संतामागून संत. ही कामे त्यांनी मनापासून केली, लोकांना ती आवडलीही. परंतु तुकोबांची सर त्यांपैकी एकासही आली नाही.

असे का व्हावे? श्रद्धा तीच, गळा तोच, चेहरा तोच. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे एक कारण असे असावे की १९३६ साली पागनिसांना कोणी संत समजत नव्हते. ते एक संशयाने पाहिले गेलेले, जुन्या नाटकांतून आलेले, मध्यमवयीन संगीतशिक्षक होते. त्यांना ती भूमिका मिळवावी लागली होती, आणि ती करताना आपण कसे दिसतो ह्याचा विचार करण्यास त्यांस सवडच नव्हती. पुढे मात्र प्रत्येक चित्रात एक साधुमूर्ती म्हणून त्यांचा प्रवेश होई, आणि प्रेक्षक त्यांना आधीच नमस्कार करून बसलेले असत. ज्याच्या समोर सगळे हात जोडून बसले आहेत त्याला आपल्याकडे लोक पाहत आहेत हे विसरणे किती कठीण! शिवाय तेथे त्यांच्याशी भांडावयास जिजाई नव्हती. वहाण उगारणारे, टोचून बोलणारे, आपणांस संत न मानणारे कोणी समोर असले म्हणजे मनुष्य खरा राहतो. नुसत्या पूजेत तो हळूहळू मूर्ती होऊ लागतो. ज्या साधेपणामुळे त्यांना लोकांनी देव्हाऱ्यात बसविले, तो साधेपणा देव्हाऱ्यात टिकविणे सोपे नव्हते.

तरीही त्यांस दांभिक म्हणण्यास माझे मन धजत नाही. सालोमालोने दुसऱ्याचा अभंग चोरून आपले नाव त्यात घातले होते. पागनिसांनी उलट स्वतःचे नाव पुसून टाकले. तुकोबांच्या वेषात बसून गाणारे ते गृहस्थ सोंग करीत होते की साधना करीत होते, हे त्यांनाही निश्चित सांगता आले असते की नाही कोण जाणे. एखादी भूमिका मनुष्याच्या अंगात इतकी भिनावी का, आणि भिनली तर त्यातून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न आजही पडद्यावर काम करणाऱ्यांस सुटलेला नाही. मॉस्कोचे प्रख्यात नाट्याचार्य स्तानिस्लावस्की, जे पागनिसांच्या ह्या यशाच्या काळात वार्धक्यात होते, त्यांनी आपले सारे आयुष्य नटाच्या मनात भूमिका खरी कशी उतरवावी ह्या विचारात वेचले. भूमिका उतरविण्याचे मार्ग अनेकांनी सांगितले आहेत. ती उतरवून ठेवण्याचे मार्ग फारच थोड्यांनी.

पागनिसांना त्यासाठी वेळही मिळाला नाही. ३ ऑक्टोबर १९४३ रोजी, वयाची एकावन्न वर्षे पूर्ण होण्यास एक महिना उरला असता, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी दामलेही गेले. फत्तेलाल १९६४ पर्यंत होते. प्रभात कंपनी पुढे बंद पडली, आणि पुण्यातील तिच्या जागेत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे. जेथे झाडलोट करणाऱ्या गौरीबाई जिजाई झाल्या, तेथेच आज देशभरातील तरुण अभिनय शिकावयास येतात, आणि शिकताना हे जुने चित्र पाहतात.

ते आपल्यालाही पाहता येते. चित्र काळेपांढरे आहे, आवाज थोडा खरखरतो, आणि आरंभी आजच्या मुलांना ते संथ वाटेल. पण शेवटपर्यंत बसावे. वैकुंठाचे विमान येणार असल्याचे तुकोबा जिजाईस सांगतात आणि तिला आपल्याबरोबर चलण्यास विनवितात. जिजाईला ते मुळीच खरे वाटत नाही. ह्यांच्या नेहमीच्याच गोष्टी, अशा समजुतीने ती ते बोलणे उडवून लावते. घर आहे, मुले आहेत, त्यांचे खाणेपिणे आहे, हे सगळे टाकून ती जाणार कोठे? त्या क्षणी पागनिसांच्या मुखाकडे नीट पाहावे. त्यांना जावयाचे आहे, आणि तिला सोडवत नाही. पुढे विमान येते, आकाशात जाते, तो देखावा त्या काळच्या मानाने मोठा चमत्कारिकच आहे. परंतु विमान येण्यापूर्वी, त्या लहानशा घरात, आपल्यावर विश्वास न ठेवणाऱ्या बायकोकडे पाहत असलेला तो मनुष्य काहीही मुद्दाम करीत नाही, आणि त्याचे सगळे आपल्याला दिसते.